हजेरीपटावर हजर, वर्गात गैरहजर : साक्री तालुक्यातील एका प्राथमिक शाळेचे प्रकरण

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात, गुजरातच्या हद्दीपासून फार दूर नसलेल्या एका गावात जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे. वस्ती भिल्ल आणि कोकणी या आदिवासी समाजांतील कुटुंबांची, पट साठाच्या आत, मंजूर शिक्षक दोन. जानेवारी महिन्यात शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी पूर्वसूचना न देता शाळेत आले, तेव्हा हजेरीपटावर जवळजवळ सगळी मुले हजर होती आणि प्रत्यक्षात निम्मीही बसलेली नव्हती. चारही इयत्ता एकाच खोलीत, एकाच शिक्षकापुढे होत्या. शालेय पोषण आहाराच्या नोंदवहीतील लाभार्थी संख्या हजेरीपटाशी तंतोतंत जुळत होती, केवळ त्याच दिवशीची नव्हे तर दिवाळीनंतरच्या प्रत्येक दिवसाची. शाळा मानकांत कमी पडली की आपल्याकडे नेमके काय होते, जाब कोणाला विचारला जातो आणि कोणाला विचारला जात नाही, हे या प्रकरणात इतके स्पष्ट दिसते की त्याची सविस्तर नोंद व्हायला हवी असे मला वाटते. गावाचे नाव येथे दिलेले नाही आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

अधिकाऱ्यांनी पहिली शंका घेतली ती तांदळाची, आणि ती रास्त होती. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज 100 ग्रॅम तांदूळ हे प्रमाण ठरलेले आहे. वीस-पंचवीस मुले जास्त दाखवली तर रोज दोन-अडीच किलो तांदूळ केवळ कागदावर शिजतो आणि प्रत्यक्षात दुसरीकडे कुठेतरी जातो, असा अनुभव तपासणी करणाऱ्यांना असतो. साठा नोंदवहीप्रमाणे कोठीतील तांदूळ संपत आलेला असायला हवा होता. काटा आणून पोती मोजली तेव्हा शिल्लक नोंदीपेक्षा कितीतरी अधिक निघाली. मागच्या भिंतीलगतच्या पोत्यांना सोंडे लागले होते आणि त्यांची शिवण उसवलेलीही नव्हती. म्हणजे शिक्षकाने तांदूळ विकला नव्हता. त्याने मुले हजर दाखवली होती, आणि मुले हजर दाखवल्यामुळे तांदूळ शिजल्याचे दाखवणे त्याला भाग पडले होते. आरोपपत्र तयार करताना या फरकाला महत्त्व दिले गेले नाही, परंतु प्रकरण समजून घ्यायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. ज्यातून एक पैसाही मिळत नाही अशी खोटी नोंद एखादा शिक्षक दोन-दोन महिने रोज सकाळी का करत राहतो?

त्याच भेटीत तिसरीच्या मुलांना वाचायला सांगितले गेले. एका मुलीने मराठीच्या पुस्तकातला धडा न अडखळता म्हणून दाखवला. अधिकाऱ्यांनी तिला थांबवले, परिच्छेदाच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवले आणि हा शब्द कोणता असे विचारले. मुलगी पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणू लागली, त्या शब्दापर्यंत पोहोचली आणि मगच तिने तो सांगितला. पुढच्या पानावर तोच शब्द आला तेव्हा तिला तो ओळखता आला नाही. धडा पाठ होता, वाचन आलेले नव्हते. या मुलीच्या घरात भिली बोलली जाते. परक्या भाषेतला आख्खा धडा तिने केवळ कानांनी उचलला होता, आणि एवढी ग्रहणशक्ती असलेल्या मुलीला तिसरीपर्यंत अक्षरओळख होऊ नये, ही या प्रकरणातील सर्वांत गंभीर बाब आहे असे माझे मत आहे. भेटीच्या शेऱ्यात तिच्याविषयी ‘अध्ययन स्तर असमाधानकारक’ एवढेच नोंदले गेले.

आठवडाभरात शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. खोटी हजेरी, पोषण आहाराच्या खोट्या नोंदी, अध्ययन स्तर कमी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठका केवळ कागदावर, असे चार मुद्दे त्यात होते. शिक्षकाने खुलाशात खोट्या नोंदी मान्य केल्या आणि सोबत तीन गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या शिक्षकाला आदल्या वर्षापासून ऑनलाइन माहिती भरण्यासाठी पंचायत समितीच्या कार्यालयात प्रतिनियुक्तीवर घेतलेले होते. दिवाळीनंतर गावातील बहुतेक कुटुंबे ऊसतोडीला गेली होती. आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक बैठकीत उपस्थितीची टक्केवारी कमी सांगणाऱ्या मुख्याध्यापकाला उभे करून विचारणा होत असे, मुले कुठे गेली हे मात्र कोणी विचारत नसे.

गाव दिवाळीनंतर कुठे जाते

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यातून दरवर्षी मोठ्या संख्येने कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर पट्ट्यात, विशेषतः सुरत जिल्ह्यातील बारडोलीच्या परिसरात, ऊस तोडायला जातात. पावसाळ्यात घरातील धान्य संपत आलेले असते, तेव्हा मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. ती एकदा घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता त्याच्याकडे बांधला जातो. गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत, कधी त्याच्याही पुढे चालतो. आई-बाप पहाटे फडात उतरतात, म्हणून तान्ह्या भावंडाला सांभाळायला सात-आठ वर्षांची मुलगी बरोबर न्यावीच लागते. मोठी मुले वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधण्याच्या कामाला लागतात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा धडधाकट आहेत तेवढी मुले गावात राहतात, आणि त्या जानेवारीत वर्गात बसलेली मुले तीच होती. कुटुंबे परततात ती आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास. तेव्हा शाळेचे दुसरे सत्र संपलेले किंवा संपत आलेले असते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 कामाचे दिवस आणि 800 अध्यापन तास ठरवले आहेत. शाळा 200 दिवस उघडी राहिली की कागदावर मानक पूर्ण होते. जून ते दिवाळी एवढेच वर्गात बसलेल्या मुलीच्या वाट्याला त्यांतले जेमतेम निम्मे येतात, आणि दोन शिक्षकांच्या जागी एकच असेल तर त्या निम्म्यांतलेही निम्मे जातात, कारण पहिलीला शिकवले जात असताना तिसरी फळ्यावरचे उतरवून घेत असते. मानक शाळेच्या दिवसांचे आहे, मुलाच्या दिवसांचे नाही, ही उणीव स्थिर वस्तीच्या गावात जाणवत नाही. साक्री, नवापूर, अक्कलकुवा अशा तालुक्यांत ती प्रत्येक वर्षी जाणवते.

मोजणीच्या तारखांचेही तसेच आहे. राज्यात 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत सर्व शाळांची पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, पट फुगवून अनुदान आणि पदे लाटणाऱ्या शाळा उघड्या पडल्या, आणि निम्म्यापेक्षा कमी उपस्थिती आढळलेल्या शाळांची मान्यता काढण्यापर्यंत कारवाई गेली. ती मोहीम आवश्यक होती याबद्दल मला शंका नाही. त्यानंतर संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्यासाठी, 30 सप्टेंबरच्या पटाला आधार मानण्याची पद्धत दृढ झाली. परंतु या दोन्ही तारखा दिवाळीच्या आधीच्या आहेत. 30 सप्टेंबरला या गावातील सगळी मुले गावातच असतात, पट खरा असतो, त्यावर मिळालेली दोन शिक्षकांची मंजुरीही खरी असते. खोटेपणा सुरू होतो तो नोव्हेंबरमध्ये, आणि नोव्हेंबरनंतरची पडताळणी कोणत्याही पदाशी जोडलेली नसल्यामुळे ती टक्केवारीवरच थांबते.

यामुळे शिक्षकाची चूक लहान ठरत नाही. उलट तिचे खरे नुकसान खुलाशात किंवा नोटिशीत कुठेच आले नव्हते, ते येथे सांगितले पाहिजे. महिनाभर सलग गैरहजर असलेले मूल शाळाबाह्य धरले जाते आणि त्यानंतर त्याच्यासाठी काही गोष्टी करणे यंत्रणेला भाग पडते : वयानुरूप वर्ग आणि कलम 4 प्रमाणे विशेष प्रशिक्षण, स्थलांतर करताना सोबत दुसऱ्या शाळेत दाखवायचे शिक्षण हमी पत्रक, आणि मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव. हजर दाखवलेले मूल यांपैकी कशातही मोजले जात नाही. शिक्षकाने टक्केवारी सांभाळली आणि त्यासाठी तीस-एक मुलांना मदतीच्या प्रत्येक यादीतून बाहेर ठेवले. तांदूळ विकला असता तर झालेले नुकसान पैशात मोजता आले असते. हे तसे मोजता येत नाही.

शिक्षण हमी पत्रकाने सगळे सुटले असते असेही नाही. ते महाराष्ट्रातील एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाताना उपयोगी पडते. बारडोलीकडच्या फडाजवळची शाळा गुजराती माध्यमाची असते, आणि घरी भिली, गावातल्या शाळेत मराठी शिकलेले मूल तिथे हंगामापुरते जाऊन बसणे अवघड असते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे कलम 9 नुसार स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे आणि ते गुजरातमध्येही तितकेच लागू आहे. मात्र दोन राज्यांच्या शिक्षण विभागांनी एकमेकांना याद्या पाठवल्याशिवाय ते पार पडणे शक्य नाही, आणि याद्या पाठवायच्या तर मुले गैरहजर आहेत हे आधी लिहावे लागते.

कायदा कोणाला बांधतो आणि कोणाला दंड करतो

कायद्याचे कलम 18 आणि 19 वाचले की या प्रकरणातील अडचण ध्यानात येते. खासगी शाळेला मान्यतेशिवाय चालता येत नाही. मानके पूर्ण नसतील तर मान्यता काढता येते, आणि त्यानंतरही शाळा चालवली तर एक लाख रुपयांपर्यंत दंड, शिवाय पुढील प्रत्येक दिवसासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मान्यता काढण्यापूर्वी शाळेचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते आणि तेथील मुले परिसरातील कोणत्या शाळेत जातील हे त्याच आदेशात लिहावे लागते. ही तरतूद विचारपूर्वक केलेली आहे, कारण तीत शिक्षेबरोबर मुलाची सोय बांधलेली आहे. शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या शाळांना मात्र मान्यतेची ही अट नाही. अनुसूचीतील मानके त्यांनाही लागू आहेत, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेतच, परंतु ते नसल्यास काय होईल याचे उत्तर कायद्यात दिसत नाही. शिक्षकाबाबत ते दिसते : कलम 24 मधील कर्तव्यांत कसूर झाली तर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होईल, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

दुसरीकडे कलम 9 मधील यादी पाहावी. शाळा, इमारत, शिक्षक आणि अध्ययन साहित्य पुरवणे, प्रत्येक मुलाचा प्रवेश, उपस्थिती आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होणे यांवर देखरेख ठेवणे, मानकांप्रमाणे दर्जेदार शिक्षण मिळेल हे पाहणे, आणि शैक्षणिक दिनदर्शिका ठरवणे, ही सगळी कर्तव्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे इथे जिल्हा परिषदेची आहेत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये, असे कलम 27 सांगते. या शाळेचा दुसरा शिक्षक ज्या कार्यालयात बसून तक्ते भरत होता, त्याच कार्यालयातून ‘अध्ययन स्तर कमी का’ ही नोटीस निघाली होती. नोटीस काढणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. त्यांनाही माहिती त्याच संध्याकाळी वर पाठवायची होती आणि त्यांच्याकडे लिपिक नव्हते. परंतु चौकशीच्या संपूर्ण कागदपत्रांत प्रतिनियुक्तीचा आदेश कोणी दिला आणि तो का रद्द केला नाही, हा प्रश्न एकदाही विचारला गेलेला नाही.

देखरेखीचा दुसरा मार्ग शाळा व्यवस्थापन समितीचा होता. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, त्यांनी शाळेच्या कामावर लक्ष ठेवावे आणि विकास आराखडा करावा, ही कायद्याची अपेक्षा. या शाळेच्या इतिवृत्त वहीत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातील बैठक नोंदलेली होती. ठराव सुवाच्य अक्षरात, खाली सह्या आणि अंगठे. त्या तारखेला अध्यक्ष आणि बहुतेक महिला सदस्य गुजरातमध्ये फडावर होत्या. निरनिराळ्या नावांपुढचे अंगठे एकाच माणसाचे असावेत, असे ते पान पाहणाऱ्या कोणालाही वाटले असते. याच वहीच्या आधारे शाळासिद्धीच्या स्वयंमूल्यमापनात समाजाच्या सहभागापुढे वरचा स्तर भरला गेला होता. शाळासिद्धी हा 2015 पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात सात क्षेत्रे आणि 46 मानके आहेत, आणि शाळेने स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहावे हा त्याचा हेतू चांगला आहे. परंतु स्तर भरणारा, पुरावा तयार करणारा आणि स्तर कमी आला तर उत्तर देणारा माणूस एकच असेल, तर स्तर कमी येणार कसा?

कारवाईचा शेवट असा झाला. शिक्षकाची एक वेतनवाढ रोखली गेली, न शिजलेल्या आहाराच्या इंधन-भाजीपाल्याचा खर्च वसूल झाला आणि त्याची दुसऱ्या केंद्रात बदली झाली. बदलीच्या आदेशात त्याच्या जागी कोण येणार हे लिहिलेले नव्हते. खासगी शाळेची मान्यता काढताना मुलांची सोय लिहावी लागते, इथे तसे बंधन नव्हते. परिणामी उरलेल्या सत्रात शाळेला स्वतःचा एकही शिक्षक नव्हता, आणि शेजारच्या शाळांचे शिक्षक आळीपाळीने येऊन कुलूप उघडत होते. मागे राहिलेली जी मुले खरोखर रोज येत होती, शिक्षा पोहोचली ती त्यांच्यापर्यंत.

याच सुमारास शाळा बंद करून मुलांना शेजारच्या गावच्या शाळेत समायोजित करावे, असाही विचार पुढे आला. प्रत्यक्ष उपस्थिती कमी आहे हे त्याचे कारण. 2023 मध्ये राज्यात कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांची कल्पना मांडली गेली तेव्हा नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे उदाहरण दिले गेले होते. तोरणमाळसारखी निवासी व्यवस्था असेल तर त्यावर बोलता येईल. निवासाची सोय नसताना, पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी हा राज्याच्या नियमांतील निकष मोडून, सहा वर्षांच्या मुलाला ओढा ओलांडून पुढच्या गावी पाठवणे म्हणजे आजी-आजोबांजवळ राहिलेले मूलही फडावर पाठवणे होय. पालकांनी ते ओळखले आणि हा विचार मागे पडला.

पालकांची तक्रार

आखाजीला कुटुंबे परतल्यावर समितीची खरी बैठक झाली. गावातील एका बारावी झालेल्या सुनेने कलम 32 प्रमाणे लेखी तक्रार लिहिली. या कलमानुसार मुलाच्या हक्काविषयी कोणालाही स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, संबंधितांचे म्हणणे ऐकून तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यावा लागतो, आणि निर्णय मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रारीत शिक्षकाविषयी एकही ओळ नव्हती. मागण्या तीन होत्या : प्रतिनियुक्तीवरचा शिक्षक परत द्यावा आणि रिकामी जागा भरावी, मागे राहणाऱ्या मुलांच्या जेवणाची व निवासाची हंगामी सोय दिवाळीपूर्वी मंजूर करावी, आणि ज्या गावांतून मोठ्या प्रमाणात स्थलांतर होते तेथील शाळांची दिनदर्शिका कलम 9 मधील अधिकार वापरून वेगळी ठरवावी, म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीचा काही भाग हंगामात देऊन कुटुंबे गावात असताना शाळा भरवावी. अर्ज आवक नोंदवहीत घालून शिक्क्यासह पोच घेतली गेली, आणि पुढे ती पोच फार उपयोगी पडली.

कार्यालयाचे पहिले उत्तर महिनाभराने आले. ‘प्रकरणी संबंधितावर कारवाई करण्यात आली आहे’ असे त्यात लिहिले होते आणि सोबत शिक्षकाची वेतनवाढ रोखल्याच्या आदेशाची प्रत जोडली होती. पालकांनी शिक्षक मागितला होता, आणि उत्तरात त्यांना शिक्षेचा आदेश मिळाला. आपल्याकडील उत्तरदायित्वाच्या कल्पनेतील मूळ दोष मला या एका पत्रात दिसतो. कमतरता आढळली की दोषी शोधायचा आणि दोषी सापडला की फाइल बंद करायची, या क्रमात कमतरता भरून काढण्याचे काम कोणाच्याच नावावर चढत नाही. खोटी नोंद करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण खरी नोंद करणाऱ्याला केंद्राच्या बैठकीत उभे केले जाणार नाही, आणि त्या नोंदीवर ज्याने काही करायचे त्याचे नाव व मुदत त्याच कागदावर येईल, एवढे झाल्याशिवाय पुढच्या नोव्हेंबरमध्ये पुढचा शिक्षक तेच करील.

समितीने स्मरणपत्र दिले, आणि मुदत संपल्यावर या मागण्यांसाठी आयोगाकडे अपील दाखल केले. त्याची प्रत कार्यालयात पोहोचल्यानंतर प्रतिनियुक्ती रद्द झाली आणि दुसरी जागाही भरली गेली. हंगामी सोय अर्धवट मिळाली : निवास आजी-आजोबांकडेच राहिला, संध्याकाळचे जेवण मंजूर झाले, आणि त्यामुळे आदल्या वर्षीपेक्षा अधिक मुले गावात थांबली. तिसरीतली ती मुलगी या वेळी आपल्या मावशीकडे राहिली. या दोन शिक्षकांपैकी एक भिली समजणारे आहेत आणि त्यांनी तिला अक्षरांपासून पुन्हा सुरुवात करून दिली.

दिवाळीनंतर हजेरीपटावर गैरहजेरी जशीच्या तशी नोंदली गेली, आणि प्रत्येक गैरहजर मुलापुढे कुटुंब कुठे गेले हेही लिहिले गेले. त्या महिन्यात शाळेची टक्केवारी केंद्रात सर्वांत कमी होती. बैठकीत विचारणा झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी दसऱ्यापूर्वी समितीने तयार करून दिलेली स्थलांतरितांची यादी आणि तिची पोच पुढे केली. केंद्रप्रमुखांनी ती बैठकीच्या कार्यवृत्तात घेतली आणि शाळाबाह्य मुलांच्या माहितीसोबत वर पाठवली. दिनदर्शिकेच्या मागणीवर मात्र लेखी निर्णय आलेला नाही. तीन महिन्यांची मुदत त्या मागणीलाही लागू होती, म्हणून समितीने अपील मागे घेतलेले नाही.